साडेपाचशे लिटर समुद्र

२०२० साली बँकेतून निवृत्त झालो, तेव्हा निरोप समारंभ असा झालाच नाही. करोनाचे दिवस होते. शाखेतल्या सात-आठ जणांनी मास्क लावून, एकमेकांपासून लांब उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि आमचा हेड कॅशियर म्हणाला, "साहेब, सुटलात. आता भरपूर लिहा." मी मान डोलावली. पुढच्या तीन वर्षांत कादंबरीची एकोणीस पानं झाली आणि ठाण्याच्या आमच्या दिवाणखान्यात समुद्र आला.

समुद्र म्हणजे पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी. तिच्यात खारं पाणी, दगड, मासे आणि जिवंत प्रवाळ. फिश टँक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल्डफिश आणि बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या येतो. ही गोष्ट वेगळी. गोड्या पाण्याच्या टाकीत मासे पाळायचे असतात, प्रवाळाच्या टाकीत पाणी पाळायचं असतं. पाणी नीट राहिलं तर बाकीचे आपापले राहतात.

या खुळाचं मूळ तारापोरवाला मत्स्यालयात आहे. १९५१ साली ते मरीन ड्राइव्हवर सुरू झालं. माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत वडील आम्हा भावंडांना तिथे घेऊन जायचे. बाहेर घामाच्या धारा आणि आत गारेगार अंधार. त्या अंधारात उजळलेल्या खिडक्या आणि खिडक्यांत आपल्याकडे ढुंकूनही न बघणारे मासे. "आपल्याकडे असं कधी होईल?" मी एकदा विचारलं. वडील म्हणाले, "आपल्या चाळीत माणसांना पाणी पुरत नाही." पुढे पन्नासएक वर्षं तो प्रश्न मी कुणाला विचारला नाही.

आमची सौ. माहेरची मालवणची. माझा बेत ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडे लोक समुद्राला खवळू नकोस म्हणून नारळ देतात. तुम्ही पैसे देऊन त्याला घरात आणताय." मासा तिला कळतो तो बाजारातल्या टोपलीपासून कढईपर्यंत. शोभेच्या माशाबद्दल तिचं मत प्रतिकूल होतं, आणि ते तिनं लपवलं नाही.

पहिला प्रश्न वजनाचा आला. पाच गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे वीस घनफूट, म्हणजे ५६६ लिटर पाणी. त्यात बारा मिलिमीटरची काच, दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालची गाळणीची छोटी टाकी धरली की प्रकरण टनाच्या आसपास जातं. घराची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून बांधलेली असते, आणि ही टाकी जेमतेम एक चौरस मीटर जागा अडवते. आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेलो. तुळईच्या वर, खांबाला लागून, स्टँडचा भार पसरेल असं त्यांनी सांगितलं. कर्ज मंजूर करताना तारण तपासायची सवय इथे कामी आली. ज्यांना अशी टाकी करायची आहे त्यांनी माशांच्या दुकानात जायच्या आधी इंजिनिअरकडे जावं.

दुसरा प्रश्न कायद्याचा. आपल्या देशात कठीण प्रवाळ, म्हणजे दगडासारखा सांगाडा बांधणारे सगळे, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही तिथेच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सौ.च्या माहेरच्या अंगणातून काही उचलून आणायचा प्रश्नच नव्हता. एका दुकानदारानं मात्र मागच्या खोलीत नेऊन एक सुंदर जांभळी फांदी दाखवली. "साहेब, याला कागद लागत नाही." ज्याला कागद लागत नाही अशा व्यवहारानं किती शाखाधिकारी घरी बसले, हे मी पाहिलंय. मी पाया पडून परत आलो. आमच्या टाकीत आहेत ते मऊ प्रवाळ, तेही दुसऱ्याच्या टाकीत वाढवलेल्या कलमांचे, पावतीसकट. दगड मातीच्या भट्टीतले.

मऊ असो की कठीण, प्रवाळ हा प्राणी आहे हे घरी आलेल्या पाहुण्याला पटवणं अवघड जातं. दिसतो झाडासारखा, हलत नाही. पण त्याला तोंड आहे, पोट आहे. आणि बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न शिजवतं आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. पाणी फार दिवस जास्त तापलं की हा भाडेकरार मोडतो. शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरा पडतो, आणि लवकर गारवा आला नाही तर उपाशी मरतो. समुद्रातही हेच चाललंय. १९९८ साली जगभर प्रवाळ पांढरे पडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जागतिक संकटाची चौथी खेप जाहीर केली. घरच्या समुद्रात निदान पंखा लावता येतो. पाण्यावरून वारं खेळवलं की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. त्या बदल्यात रोज आठ-दहा लिटर पाणी उडतं आणि तेवढं गोडं पाणी परत घालावं लागतं, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं.

हे गोडं पाणी म्हणजे नळाचं नव्हे. त्यातला क्लोरीन प्रवाळांना मारतो आणि त्यातले क्षार शेवाळाला पोसतात. म्हणून आरओचं यंत्र. एक लिटर शुद्ध पाण्यामागे आमचं यंत्र तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. दुष्काळी भागात नोकरी केलेल्या माणसाला ते मोरीत सोडवत नाही. बाल्कनीत दोन निळे ड्रम ठेवले. लादी पुसायला, झाडांना, संडासात ते पाणी वापरायचं. शुद्ध पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं विकतचं समुद्री मीठ मिसळलं, आणि एका संध्याकाळी पंप सुरू केला.

मग काहीच झालं नाही. दीड महिना. ही या छंदातली सगळ्यात अवघड पायरी. टाकीत पाणी आहे, दिवे आहेत, दगड आहेत, मासे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सुसह्य. हे जिवाणू दगडांवर आपोआप वसतात, पण त्यांच्या वेळानं. नातू दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायचा, "आजोबा, मासे?" मी सांगायचो, "अजून स्टाफ जॉइन झाला नाही."

दगडांनीच पाणी साफ ठेवायचं, ही युक्ती जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लेख लिहून जगाला सांगितली. समुद्रातले जिवंत दगड, हवेचे थोडे बुडबुडे आणि उजेड, एवढ्यावर त्यांनी टाक्या चालवल्या. आज आपण त्यात हजारो रुपयांची यंत्रं घातली आहेत, पण मूळ हिशेब त्यांचाच.

पहिल्या दिवसापासून मी एक वही घातली. तारीख, तापमान, क्षारता, नायट्रेट, काय घातलं, काय काढलं. संगणक येण्याआधी आमच्याकडे सहामाहीला लेजरं जुळवायचे. फरक राहिला की म्हातारे अधिकारी आधी तो फरक नऊनं भागून बघायचे. भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. चूक कोणत्या पानावर आहे ते माहीत नसलं तरी ती कोणत्या जातीची आहे हे कळायचं. टाकीच्या दुखण्यांचंही असंच असतं. काचेवर तपकिरी थर आला तर टाकी नवी आहे, थांबा. हिरवे केस उगवले तर खाणं जास्त पडतंय. खाणं घालायचं काम माझं होतं. सौ. म्हणाली, "मासे नाहीत, तुम्ही शेवाळ जेवायला घालताय." निम्मं केलं, महिन्यात केस गेले.

दोन वर्षांत वस्ती जमली. हाताच्या पंजासारखा एक लेदर कोरल, थाळ्यांसारखे मशरूम, आणि झोआ नावाचे बटणाएवढे रंगीत जीव. (यांच्या काही जातींत भयंकर विष असतं. दगड धुताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि गरम पाणी कधीही ओतायचं नाही, कारण वाफेतूनसुद्धा माणसं आजारी पडली आहेत.) क्लाउनफिशची एक जोडी. 'फाइंडिंग निमो' या २००३ च्या चित्रपटामुळे हा मासा पोराबाळांना पाठ आहे. हे मासे जन्मतः सगळे नर असतात, आणि जोडीतला थोरला पुढे मादी होतो. चित्रपटात आई गेल्यावर बाप पोराला शोधत हिंडतो. निसर्गनियमानं तोवर त्याचीच आई व्हायची. हे मी नातवाला सांगितलं नाही. सौ.ला सांगितलं. "म्हणजे घर चालवायला लागलं की बाई व्हावंच लागतं," ती म्हणाली.

आणि दोन क्लीनर श्रिंप. लाल अंग, पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. ही कोळंबी माशाच्या अंगावरची घाण खाते, आणि मासा तिच्यापुढे तोंड उघडून दाढीला बसल्यासारखा उभा राहतो. हात पाण्यात घातला की ती आपलीही नखं साफ करते. ज्या बाईनं जन्मभर कोळंबी सोलली, तिच्या बोटांना कोळंबीनं मॅनिक्युअर केलेलं मी पाहिलंय. मग सौ.चं प्रतिकूल मत हळूहळू निवळलं. सकाळचा चहा टाकीसमोर व्हायला लागला.

सप्टेंबर २०२३, गणपतीच्या आधीचे दिवस. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, आज कोळंबी दिसत नाही."

"कात टाकली असेल," मी म्हणालो. कात टाकल्यावर कोळंबी एक-दोन दिवस दडून बसते, हे खरं आहे.

"दोघींनी एकदम?"

मी उठलो. अमोनिया शून्य. नायट्रेट १०. तापमान २६. क्षारता जागच्या जागी. सगळा ताळेबंद जुळत होता, आणि दगडामागे दोन्ही कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. दुपारपर्यंत शंखांतले खेकडे एकेक करून बाहेर लोंबकळले. मासे जरा धापा टाकत होते. लेदर कोरल मिटला होता. पण गोगलगायी? त्या खुशाल काचेवर फिरत होत्या.

दिवसभर माझे हात कोपरापर्यंत पाण्यात. शंभर लिटर खारं पाणी मी नेहमी तयार ठेवतो, ते बदललं. सक्रिय कोळसा पिशवीत भरून प्रवाहात सोडला. हे दोन उपाय निदान व्हायच्या आधी केले तरी नुकसान नाही. मग वही घेऊन बसलो. काय मेलं हे सगळेच बघतात. काय जगलं तेही बघायला हवं. प्राणवायू कमी पडला असता तर मासे आधी गेले असते. तांबं उतरलं असतं तर गोगलगायी सुटल्या नसत्या. रात्री बॅटरीचा झोत काचेवर टाकला. एरवी तिथे मोहरीहूनही बारीक कवचधारी जीव वळवळत असतात. एकही नव्हता. म्हणजे कोळंबी, खेकडे आणि हे कण, सगळे सांधेदार पायांचे. फरक नऊनं भागला गेला. हे कीटकनाशक होतं.

पण घरात तर आम्ही साधी उदबत्तीही लावत नाही.

रविवारी सोसायटीची फाइल काढली. मी खजिनदार आहे, निवृत्त बँकवाल्याला सोसायटी दुसरं काही होऊ देत नाही. आदल्या दिवशीचं एक व्हाउचर लावायचं होतं. 'पार्किंग व आवारात डासनाशक धूरफवारणी, शुक्रवार सायंकाळी.' खाली माझ्या अक्षरात, 'काम समाधानकारक. रक्कम अदा करावी,' आणि सही. सहीवर पाण्याचा डाग पडून शाई पसरली होती. माणूस बिल घेऊन आला तेव्हा मी कोळंब्या बाहेर काढत होतो. ओल्या हातानं, न वाचता सही केली. 'न वाचता सही करू नका' असं बत्तीस वर्षं कनिष्ठांना सांगणारा मी.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं दादरला एका पुस्तक प्रकाशनाला गेलो होतो. खिडक्या उघड्या होत्या. धूर आमच्या मजल्याखालीच सोडला गेला. टाकीच्या स्किमर नावाच्या यंत्राचं कामच खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळायचं. पायरेथ्रॉइड जातीची डासांची औषधं माणसाला त्या मानानं सौम्य, पण कवचधारी जिवांना अगदी थोड्या मात्रेतही घातक. माशांनाही वाईटच. मासे वाचले हे नशीब आणि कोळसा.

रागवायचं कुणावर? फवारणीचा ठराव मीच मांडला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट उतरल्या, सहा दिवस इस्पितळात होता. त्याची आई जिन्यात भेटली की मला तिच्याकडे बघवायचं नाही. आज पुन्हा ठराव आला तर मी पुन्हा सही करीन, वाचून.

हे इथे संपलं असतं तर बरं होतं. पुढच्या आठवड्यात महापालिकेचा कर्मचारी घरोघर पाणी तपासत आला. बाल्कनीतल्या निळ्या ड्रमचं अर्धवट झाकण त्यानं उचललं, बॅटरी मारली आणि म्हणाला, "काका, हे बघा." पाण्यात अळ्या वरखाली करत होत्या. डेंग्यूचा डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आणि या घरात माझ्या समुद्रापायी आठवड्याला दीड-दोनशे लिटर स्वच्छ पाणी साठत होतं. ड्रमला गाळ लागला म्हणून महिनाभर तो आटवून घासलाही नव्हता. धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. मी खाली धूर करवत होतो आणि वर डास वाढवत होतो.

त्या मुलाला चावलेला डास आमच्या ड्रममधलाच, असं कुणी म्हणू शकत नाही. नव्हता, असंही नाही. दोन दिवस मी सौ.शीही धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "वर जाऊन सांगून या. नाहीतर लिहीत बसाल." गेलो. मुलाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, आमच्या कुंडीखालच्या ताटलीतही सापडल्या." ती मला धीर देत होती की खरंच सांगत होती, हे मला अजून कळलेलं नाही. मुलगा आतून आला आणि त्यानं विचारलं, मासे जिवंत आहेत का.

आता ड्रम एकच आहे. त्याला घट्ट झाकण, वर कापड बांधलेलं, आणि दर रविवारी तो पूर्ण रिकामा करून घासायचा. फवारणीची सूचना दोन दिवस आधी लागते. त्या दिवशी आमच्या खिडक्या बंद, स्किमर बंद, पंपानं पाणी नुसतं ढवळत ठेवायचं, ताजा कोळसा. सर्वसाधारण सभेत एकानं विचारलंच, "डेंग्यू मोठा की झिंगे?" मी म्हटलं, डेंग्यू. म्हणूनच फवारणीआधी प्रत्येक बाल्कनी तपासा, माझी पहिली.

टाकीत मी तीन महिने काही घातलं नाही. आठवड्याला थोडं पाणी बदलत राहिलो. डोंबिवलीच्या एका छंदिष्टानं स्वतःच्या टाकीतलं मूठभर शेवाळ दिलं, त्यात ते बारीक जीव होते. रोज रात्री बॅटरी घेऊन काचेवर बघायचो. डिसेंबरात पहिला कण वळवळला तेव्हा मी सौ.ला झोपेतून उठवलं, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. जानेवारी २०२४ मध्ये दोन कोळंब्या आणल्या. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत दोन तास बसलो, कारण क्षारतेतला अचानक फरक त्यांना सोसत नाही. टाकीत सोडल्यावर एक तडक जुन्या दगडाखाली गेली, त्याच कपारीत.

सौ. रोज सकाळी चहाचा कप ठेवते आणि मोजते. "दोन," असं म्हणते. मग मी वहीत लिहितो.

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रविवारी येतो. आधी सरळ बाल्कनीत जातो, ड्रमचं झाकण ओढून बघतो, मग टाकीसमोर मांडी घालून बसतो. परवा त्यानं विचारलं, "आजोबा, तुमची गोष्ट लिहून झाली?"

एकोणीसाची बावीस पानं झाली आहेत, असं मी सांगितलं.